रोजची एकांत प्रार्थना: कशासाठी करायची आणि कुठल्या क्रमाने करायची

आमच्याकडे घरगुती प्रार्थनासभा संपली की चहाच्या वेळी कोणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, की मी रोज न चुकता प्रार्थना करते पण काही होतच नाही, माझं नक्की कुठे चुकतंय? मी मग एकच गोष्ट विचारतो, काल प्रार्थना केली त्यातलं पहिलं वाक्य काय होतं ते सांगा. बहुतेक वेळा उत्तर येतं "प्रभू, अमुक होऊ दे." शेवटचं वाक्य "येशूच्या नावात मागते, आमेन," आणि आमेन झालं की हात लगेच मोबाईलकडे. मधे सगळी लिस्ट. म्हणजे तहसील ऑफिसात अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि निघावं तसंच झालं ना, फरक एवढाच की पोच मिळाली नाही म्हणून आपण नाराज.

म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. पहिल्यांदा करणाऱ्यालाही चालेल आणि वीस वर्षं मंडळीत असलेल्यालाही.

आधी हे एक पक्कं करा: प्रार्थना कशासाठी?

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (मत्तय ६:८, म्हणजे अध्याय ६, ओवी ८) येशू सांगतो की तुम्ही मागायच्या आधीच तुमची गरज तुमच्या पित्याला ठाऊक असते. हे वाचून लोक गोंधळतात, ठाऊक आहे तर मागायचं कशाला? पण तो तिथे थांबत नाही, लगेच पुढे मागायला शिकवतो. म्हणजे प्रार्थना देवाला बातमी द्यायला नाही, त्याचं मन वळवायला पण नाही. लेकराने बापाजवळ येऊन बसायचं, मनातलं सगळं बोलायचं, आणि बसता बसता बापाचं मन लेकरात उतरायचं, यासाठी ती आहे. मागणं त्यात आहेच, भरपूर आहे, पण ते नात्याच्या आत आहे. हे उलटं झालं की पुढची प्रत्येक पायरी चुकते, म्हणून इथे घाई करू नका.

अजून एक, आपल्याकडे नवसाची सवय इतकी मुरलेली असते की ख्रिस्ती घरातसुद्धा ती मागच्या दाराने येते. "प्रभू, पोराला नोकरी लागली तर चाळीस दिवस उपास करीन." हा सौदा झाला. उपास जरूर करा, पण जवळ यायला म्हणून करा, किंमत म्हणून नको. देवाने आपला पुत्रच दिला, त्याला आपण वरून काय देणार!

तयारी १: वेळ आणि जागा

मार्क १:३५ मधे येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जातो. त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं, आजारी लोकांची ही गर्दी. म्हणजे दमलेला असणारच, तरी उठला. पण यावरून पहाटच पाहिजे असा नियम काढू नका. दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकायचा. रात्रपाळी करणाऱ्याने सकाळी घरी आल्यावर केली तरी चालेल. पाहिजे ती ठरलेली वेळ, रोज तीच, सुरुवातीला वीस मिनिटं.

जागेचं म्हणाल तर मत्तय ६:६ मधे खोलीत जाऊन दार लावायला सांगितलंय, आणि वन रूम किचनमधे पाच माणसं असली की दार कुठलं लावणार? माझ्या ओळखीची एक मावशी स्वयंपाकघरात ओट्याखाली पाट टाकून बसते, भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर पदर. घरातल्यांना माहीत आहे की पदर डोक्यावर असेपर्यंत हाक मारायची नाही. तिचं दार तो पदर आहे. कोणी गच्चीत जातं, कोणी लोकलला जाण्याआधी रिकाम्या जिन्यात बसतं. जागा कुठलीही चालेल, फक्त ती रोजची असू द्या.

चेक: मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला का? बायबल ॲपमधेच वाचायचं असेल तर निदान इंटरनेट बंद करा. शक्यतो छापील पवित्र शास्त्रच घ्या, कारण ॲपच्या वर एक मेसेज दिसला की मन गेलंच म्हणून समजा.

तयारी २: वही

साधी दोनशे पानी वही पुरते. पानाच्या मधे उभी रेघ मारा. डावीकडे तारीख आणि मागणं, उजवी बाजू रिकामी सोडा, त्या रिकाम्या बाजूचं काम पुढे येईल. मागणं एका ओळीत बसेल इतकं स्पष्ट लिहा. "घरच्यांना आशीर्वाद दे" हे लिहू नका, कारण तो मिळाला की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडत होता, तो आंधळा आहे हे दिसतच होतं, तरी येशूने त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करू? त्याच्या तोंडून यायला पाहिजे होतं. तसं तुमच्या पेनातून येऊ द्या.

तयारी ३: जिथे भांडण आहे तिथे आधी जा

ही पायरी सगळे गाळतात. मत्तय ५:२३-२४ मधे स्पष्ट आहे, अर्पण घेऊन वेदीपर्यंत पोचलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. आणि प्रभूची प्रार्थना, म्हणजे 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही, शिकवून झाल्यावर येशूने लगेच पुढे एकाच ओळीचा अर्थ पुन्हा सांगितला, भाकरीचा नाही, राज्याचा नाही, क्षमेचा.

माझं स्वतःचं सांगतो. चुलतभावाशी बांधावरून बोलणं बंद होतं, चार वर्षं. त्या चार वर्षांत मी प्रार्थना करत होतो, सभेत उभा राहून मोठ्याने पण करत होतो, आणि आतून सगळं कोरडं, शब्द छतापर्यंत जाऊन परत खाली. एका रात्री हेच वचन वाचताना पुढे जाताच येईना. सकाळी फोन केला. तो फार काही बोलला नाही, "बरं" म्हणाला आणि पोरांची चौकशी केली, बस. बांध अजून तिथेच आहे. पण त्या संध्याकाळी गुडघे टेकल्यावर मला पित्या म्हणता आलं, आणि मी किती दिवसांनी ते खरं म्हणालो हे मलाच कळलं.

सावधान: समोरचा मारहाण करणारा, छळणारा असेल तर क्षमा करणं म्हणजे त्याच्या घरात परत जाऊन राहणं नव्हे. मनातून सोडून द्या, देवाच्या हातात द्या, अंतर ठेवा आणि पाळकांशी किंवा भरवशाच्या माणसाशी बोला, गरज असेल तर पोलिसांकडेही जा.

पायरी १: बसा आणि गप्प राहा (दोन मिनिटं)

गुडघे टेका, मांडी घाला, गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसा. हन्ना शिलोला मंदिरात प्रार्थना करत होती तेव्हा तिचे फक्त ओठ हलत होते, आवाज नव्हता, एली याजकाला वाटलं ही बाई प्यायलीय. देवाने मात्र ऐकलं. तेव्हा आवाज, हातवारे, पोझिशन यात अडकू नका.

फक्त एवढंच करा, बोलायच्या आधी कोणासमोर बसलोय ते आठवा. मी मनात म्हणतो, "पित्या, तू इथे आहेस, आणि मी पण आलोय." विचार इकडे तिकडे पळतील, गॅस बंद केला का, ईएमआय कधी आहे, पळू दे, त्यांच्याशी कुस्ती खेळू नका, परत त्याच वाक्यावर या.

पायरी २: आधी त्याचं ऐका (पाच मिनिटं)

एक स्तोत्र किंवा शुभवर्तमानातला छोटा भाग वाचा. धडे संपवायला वाचू नका, रोज तीन अध्याय वाला प्लॅन असेल तर तो वेगळ्या वेळी करा. इथे दहाबारा ओवी पुरे, हळू, शक्य असेल तर ओठ हलवत. जी ओळ मनाला लागली तिथे थांबा, परत वाचा, आणि तिचीच प्रार्थना करा. समजा स्तोत्र २३ वाचलं आणि "मला काही उणे पडणार नाही" इथे अडकलात कारण या महिन्यात घरात उणंच उणं आहे, तर तेच देवाला सांगा, की प्रभू इथे लिहिलंय असं आणि माझ्या डब्यात आहे असं, मला समजत नाही, मला धर.

कोणी म्हणेल असं बोलणं उद्धटपणा नाही का? स्तोत्र १३ उघडून बघा, पहिल्याच ओळीत "परमेश्वरा, किती वेळ?" स्तोत्र ८८ चा तर शेवटच अंधारात होतो, सुटकेची ओळच येत नाही. देवाने स्वतःच्या पुस्तकात ही स्तोत्रं राहू दिली आहेत, म्हणजे असं बोलायची परवानगी आहे.

पायरी ३: उपकार माना

कालच्या दिवसातल्या तीन गोष्टी, नाव घेऊन. "सगळ्यासाठी धन्यवाद" हे चालणार नाही. "काल बसमधे बसायला जागा मिळाली आणि बाबांचा ताप उतरला" हे चालेल. इथे जास्त सांगायला नको, एवढंच की जड दिवसातही ही पायरी सोडू नका.

पायरी ४: कबुली

आता इथे थोडं थांबू. आपली नेहमीची कबुली अशी असते, "प्रभू, विचाराने, उच्चाराने, आचाराने पाप घडलं असेल तर क्षमा कर." घडलं असेल तर! जकातदाराची प्रार्थना आठवा, लूक १८ मधली. परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, पुढे उभा राहून स्वतःची यादी वाचतो, आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दशांश, आणि जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजायचे तो कर वसूल करणारा, लांब उभा राहून वर बघायलाही धजत नाही, छाती बडवून म्हणतो की मी पापी आहे, दया कर. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

म्हणून नाव घ्या. "काल ऑफिसात खोटं बोललो, बिल दुसऱ्यावर ढकललं." "सासूबाईंना मुद्दाम उत्तर दिलं नाही, त्या दोनदा हाक मारत होत्या." नाव घेतलं की दोन गोष्टी होतात, क्षमा त्याच ठिकाणी लागते आणि दुसऱ्या दिवशी तेच करताना हात अडखळतो.

कोणी विचारेल, प्रभूच्या प्रार्थनेत भाकर आधी आणि क्षमा नंतर आहे, मग तुम्ही कबुली मागण्याच्या आधी का घेता? क्रमाचा कायदा नाहीये. माझा अनुभव एवढाच की कबुलीनंतर मागायला बसलं की अर्धी लिस्ट आपोआप बदलते.

चेक: कबुली झाल्यावर क्षमा मिळाली हे मान्य करून पुढे गेलात का? काही जण इथेच रोज अडकतात, तेच जुनं पाप पुन्हा पुन्हा, दहा वर्षांपूर्वीचं. जे एकदा कबूल केलं आणि देवाने सोडलं ते आपण उकरायचं नाही.

पायरी ५: दुसऱ्यांसाठी

स्वतःच्या आधी दुसऱ्यांना घ्या, कारण स्वतःचं सुरू झालं की वेळ तिथेच संपतो. पण सगळं जग रोज नको. मी वार लावलेत, सोमवारी घरचे, मंगळवारी मंडळी आणि पाळक, बुधवारी शेजारी, असं. रोज तीन-चार नावं, पण प्रत्येक नावाशी जरा थांबून, त्या माणसाचा चेहरा डोळ्यासमोर आणून.

सावधान: प्रार्थना विनंतीच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरातली गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका. "अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा, ती माहेरी निघून गेलीय" असे मेसेज व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, आणि दुपारपर्यंत सगळ्या वस्तीत होतं. त्या घराला विचारलं होतं का? विचारलं नसेल तर नाव न घेता एकट्याने प्रार्थना करा, देवाला नाव ठाऊक आहे.

पायरी ६: स्वतःसाठी मागा, मोकळं मागा

आता वही उघडा. इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक म्हणजे मागतच नाही, "देवाला एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला त्रास," आणि याकोब आपल्या पत्रात म्हणतो तुम्ही मागत नाही म्हणून तुम्हाला मिळत नाही. दुसरी त्याच्याच पुढच्या ओळीत, मागता पण मिळत नाही कारण फक्त आपल्या चैनीवर उडवायला मागता. तेव्हा भाकर मागा, घरभाडं मागा, परीक्षेचा पेपर, गुडघ्याचं दुखणं, सगळं मागा, पण प्रत्येक मागण्याला एक प्रश्न विचारा: हे मिळालं तर देवाचं नाव, राज्य, इच्छा यातलं काय पुढे जाईल? प्रभूच्या प्रार्थनेत या तीन गोष्टी भाकरीच्या आधी ठेवल्यात त्या याचसाठी.

माझ्या वहीतलं एक पान दाखवतो. "साहेबांचं मन बदल," हे मी जवळजवळ दीड महिना रोज मागत होतो. मग एक दिवस हा प्रश्न विचारून त्याखाली लिहिलं, "साहेबांसमोर माझं तोंड सांभाळ." नंतर अजून खाली, "त्यांच्या मुलाचं ऑपरेशन आहे, त्याला वाचव." साहेब तसेच राहिले, त्यांच्यात काही फरक पडला नाही असं म्हटलं तरी चालेल. पण तिसरी ओळ लिहिणारा माणूस पहिली ओळ लिहिणारा नव्हता, आणि मला वाटतं प्रार्थनेचं उत्तर त्या पानावर तिथेच होतं.

शेवटी "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे" हे म्हणा, पण सवयीने चिकटवू नका. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने हे सहज नाही म्हटलं, आधी दुःखाचा प्याला टळू दे असं मागितलं, तीन वेळा मागितलं. म्हणजे आधी स्वतःची इच्छा खरी सांगायची, मग ती सोडायची. न सांगताच सोडली तर ती सोडलीच नाही, दाबली.

आणि बघा, तिसऱ्यांदा त्याने तेच शब्द पुन्हा म्हटले असं मत्तयाने लिहिलंय. त्यामुळे तेच शब्द परत म्हटले की प्रार्थना खोटी, असं नाही. वसईकडची आमची कॅथलिक मंडळी संध्याकाळी घरात जपमाळ म्हणतात, काही घरांत रोज तीच ठरलेली प्रार्थना असते, ते ठीकच आहे. येशू ज्याला नको म्हणाला ती आहे व्यर्थ बडबड, म्हणजे जास्त बोललो तर देव ऐकेल हा समज.

सावधान: प्रार्थना केली म्हणून बीपीची, शुगरची गोळी बंद करायची नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच बदल. आणि कोणी प्रार्थनेचे पैसे ठरवून मागत असेल, एवढे दिले तर एवढा आशीर्वाद, तर तिथून उठा.

पायरी ७: परत गप्प (तीन मिनिटं)

बोलून झालं की लगेच आमेन नको. बसून राहा. आवाज येईल, दृष्टान्त होईल अशी वाट बघायची गरज नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही, कधी एखादं नाव डोक्यात येतं, कधी मघाशी वाचलेली ओळ परत येते. नाव आलं तर त्या माणसाला फोन करा, यात चुकून काही बिघडत नाही. पण "देवाने मला सांगितलं की तू अमक्याशी लग्न कर, अमुक जमीन विक" असं दुसऱ्यावर लादायचं नाही, मनात आलेलं आधी शास्त्राशी ताडून बघा आणि पाळकांना किंवा एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्याला विचारा.

मग आमेन.

पायरी ८: दिवसभर

प्रेषित पौल आपल्या पत्रात थेस्सलनीकाच्या मंडळीला निरंतर प्रार्थना करा म्हणतो. वीस मिनिटांनी ते कसं होणार? जुन्या करारातल्या नहेम्याचं बघा, तो राजाचा प्यालेबरदार, राजाने विचारलं तुला काय पाहिजे, आणि उत्तर द्यायच्या आधी त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली. किती वेळ असेल, एका श्वासाचा. पण त्या एका श्वासाच्या मागे जवळजवळ चार महिन्यांचं रडणं, उपास आणि प्रार्थना होती. म्हणून सकाळची वीस मिनिटं सोडून "मी चालता-बोलता करतो" असं म्हणणाऱ्यांचं दोन्ही सुटतं, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय. सकाळचं ठेवा, आणि मग इंटरव्ह्यूच्या दारात, हॉस्पिटलच्या लिफ्टमधे, पोरावर हात उगारायच्या आधी, "प्रभू, मदत कर" एवढंच पुरतं.

उत्तर येत नाही तेव्हा

आधी तपासा. मागणं स्पष्ट आहे का, भांडण बाकी आहे का, आणि जे मागतोय त्यातला आपला वाटा आपण केलाय का, म्हणजे नोकरी मागतोय आणि अर्जच केला नाही असं तर नाही ना. हे सगळं ठीक असेल तर मागत राहा, लूक १८ मधल्या विधवेसारखं, जी न्याय मिळेपर्यंत न्यायाधीशाकडे येतच राहिली. आणि तरीही "नाही" येऊ शकतं. पौलाने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर मिळालं. हे उत्तर पौलाला मिळालं, तर तुमच्या-माझ्या विश्वासावर लगेच शंका घ्यायची गरज नाही. म्हणून ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला "तुमचा विश्वास कमी पडला" हे कधीही, कधीही म्हणू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, हात धरा. त्याला प्रार्थना सुचत नसेल तर रोमकरांस ८:२६ आहेच, शब्द नसतात तेव्हा आत्मा स्वतः कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तुम्ही शेजारी बसून प्रभूची प्रार्थना हळू म्हणा, त्याला जमेल तिथे तो ओठ हलवेल.

महिन्याचं काम

महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेहून आल्यावर वही घ्या आणि उजवी बाजू भरा. मिळालं, नाही मिळालं, वेगळंच मिळालं, अजून वाट बघतोय, जे असेल ते तारीख टाकून, उगाच गोड करून नाही. "मिळालं" असेल तर तिथेच थांबून उपकार माना, ते पुढच्या सभेत साक्ष म्हणून सांगा. "नाही" लिहिताना हात जड होईल, होऊ द्या, त्याखाली त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं ते देवाशी बोला आणि तेही लिहा. "वाट बघतोय" वाल्या ओळी नवीन पानावर परत उतरवा, आणि उतरवताना शब्द बदलावेसे वाटले तर बदला.

एखाद्या आठवड्यात चार दिवस सुटले तर मागचे भरून काढायला जाऊ नका. पाचव्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी बसा, आणि पायरी १ पासून.